इंग्लंडातलं खेड्यातलं जुनं चर्च बघायचंय, कुठं जावं?

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. मे महिन्यात आईला घेऊन बर्मिंगहॅमला बहिणीकडं चाललोय. लंडन, राजाचा वाडा वगैरे भावजींनी ठरवून टाकलंय, त्यात आपलं काही चालत नाही. पण एक दिवस माझा. मला खेड्यातलं, आठ-नऊशे वर्षांचं एखादं चर्च बघायचंय. कॅथेड्रल नको, तिथं गर्दीच बघून यायची. आई सत्तरी ओलांडलेली, गुडघे कुरकुरतात, पण हलशीला गेलं की देवळाभोवती तासभर हलत नाही.

कुठलं बघावं? एरवी आत सोडतात का, का रविवारशिवाय कुलूप? चपला, तिकीट, फोटो, काय रीत असते? भावजी म्हणतात, "एवढ्या लांब येऊन चर्च कशाला, बेळगावात काय कमी आहेत?" त्यांना काय सांगू?

शहापूर पेठ
भावजींच्या हातात अर्धा किलो कुंदा ठेवा, बोलायचे बंद होतील. बाकीचं मास्तर सांगतील, ते लेकाकडं जाऊन आलेत.

खानापूरकर ड्रॉइंग मास्तर
किलपेकला जावा. हेरेफर्डशायरमधलं खेडं, हेरेफर्ड शहरापासून नैर्ऋत्येला तेरा-चौदा किलोमीटर. तिथनं वेल्सची हद्द जवळच, म्हणजे तोही सीमाभागच. आपल्याला परकं वाटायचं कारण नाही!

चर्च साधारण ११४० च्या सुमाराचं. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातलं जैन देऊळ, कमल बस्ती, १२०४ चं, म्हणजे हे चर्च त्याच्याही आधीचं. तांबूस वालुकाश्म, लहानशी इमारत, मनोरा नाही, पश्चिमेच्या भिंतीवर घंटेपुरती कमान. लांबून बघून तुम्ही म्हणाल, मास्तरांनी कुठं पाठवलं!

जवळ जाऊन दक्षिणेच्या दारापुढं उभं राहा. दोन्ही बाजूंच्या खांबांवर साप एकमेकांना गिळत चाललेत. डाव्या आतल्या खांबावर वेलीत अडकलेले दोन सडपातळ शिपाई आहेत. त्यांच्या अंगातल्या कपड्याच्या चुण्यासुद्धा दगडात रेघारेघांनी काढल्यात. उजव्या खांबाच्या माथ्यावर एक डोकं, तोंडातनं वेली बाहेर येताहेत. हलशीचं कीर्तिमुख बघितलेल्या माणसाला ते ओळखीचं वाटतं. त्या कारागिरांना हलशी ठाऊक नव्हती आणि आपल्यांना किलपेक नव्हतं, तरी दाराशी असलं तोंड बसवावं हे दोघांनाही सुचलं. मी जन्मभर पोरांकडनं वेलबुट्टी काढून घेतली, पण वेल कुठं वळवावी आणि कुठं सोडून द्यावी हे त्या दारापुढं उभं राहून परत शिकलो.

मग छपराखालनं प्रदक्षिणा घाला. वळचणीला रांगेनं दगडी मुंडकी आहेत, पंच्याऐंशी उरलीत. कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी, इतके गोंडस की आजच्या कार्टूनवाल्यानं काढलेत म्हणावं. डुक्कर आहे, वाद्य वाजवणारा आहे, क्रूस धरलेलं कोकरू आहे. पश्चिमेकडं भिंतीतनं मोठी जनावरांची डोकी पुढं आलेली, जबडा उघडा, जीभ वळलेली. पावसानं एवढ्या शतकांत झिजायला पाहिजे होतं, पण दगड चिवट निघाला. दुर्बीण न्या, नाहीतर मान दुखेल.

आता एक गोष्ट आईला आधीच सांगून ठेवा. मागच्या अर्धगोल भागावर एक बाई आहे, दोन्ही हातांनी काय दाखवते ते इथं लिहीत नाही. 'शीला ना गिग' म्हणतात. कशासाठी कोरली यावर विद्वानांचं अजून भांडण चालूच आहे. कुणी म्हणतं पापाचा धाक, कुणी म्हणतं दृष्ट लागू नये म्हणून.

भावजींना सांगा, बेळगाव कॅम्पातल्या सेंट मेरीज चर्चच्या कमानी टोकदार आहेत, किलपेकच्या गोल. टोकदार कमानीची लाट इंग्लंडात आली ती ह्याच्यानंतर. साहेबानं बेळगावात बांधलं ते स्वतःच्या देशातल्या जुन्या नमुन्याची नक्कल करून, आणि किलपेक त्या नमुन्याच्याही आधीचं. एवढं ऐकून ते गप्प बसले नाहीत तर मग कुंदा.

गाडी असली तर अर्डिस्लीलाही जावा. तिथल्या चर्चमधलं बाप्तिस्म्याचं दगडी कुंड ह्याच घडणीचं. दोघं जण भाल्या-तलवारीनं भिडलेत. ह्या सगळ्या कामाला 'हेरेफर्डशायर घराणं' म्हणतात, कारागिरांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

निपाणीचा, सध्या न्यूपोर्टला
मास्तरांनी सगळं सांगितलं, मी फक्त व्यवहाराचं सांगतो.

बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटहून हेरेफर्डला थेट रेल्वे आहे, साधारण दीड तास. पुढं टॅक्सी करा, बसच्या भरवशावर आईला नेऊ नका. परतीची टॅक्सी जातानाच ठरवून ठेवा, खेड्यात रस्त्यावर उभं राहून मिळत नाही.

खेड्यातली बरीच चर्चेस दिवसा उघडी असतात, आत कुणी बसलेलंही नसतं. तिकीट नाही. दानपेटी असते, हल्ली शेजारी कार्ड टेकवायचं यंत्रही ठेवतात. पाच पौंड टाका, छपराचा खर्च गावालाच भागवावा लागतो. बूट काढायचे नाहीत, पण पायपुसण्यावर चिखल पुसा. पदराचं बंधन नाही. प्रार्थना चालू नसेल तर फोटो चालतात. जुन्या दाराला लोखंडी कडी असते, ती पिळून मग ढकलायची, आणि आत गेल्यावर दार लावून घ्यायचं, नाहीतर पाखरं आत शिरतात. पुष्कळ ठिकाणी बाकांवर भरतकाम केलेल्या उशा दिसतील, त्या गुडघे टेकायला असतात, बुडाखाली घेऊ नका! आणि स्वेटर न्या. मे महिना असला तरी दगडाच्या आत गारठा.

किलपेकचं चर्च कुठल्या पंथाचं अशी मनात शंका असेल म्हणून सांगतो: बांधलं तेव्हा ते रोमच्या पोपच्या चर्चमधलं. १५३४ मध्ये आठव्या हेन्रीनं रोमशी काडीमोड घेतला, तेव्हापासून इंग्लंडच्या चर्चचं. आपल्याकडच्या गोवन मंडळींच्या चर्चसारखा मूर्तींचा थाट आत शोधू नका.

टिळकवाडीकर
मास्तर, निपाणीकर, लई आभार. 'ती बाई' आईला फोनवर दाखवली. म्हणाली, "देवळावर असलं काय नवीन हाय? दगड चांगला दिसतोय." म्हणजे एक प्रश्न मिटला. हेरेफर्डच्या कॅथेड्रलात जुना नकाशा आहे म्हणतात, तोही त्याच दिवशी होईल का?

निपाणीचा, सध्या न्यूपोर्टला
होईल की. मप्पा मुंडी. १३०० च्या आसपासचा, एकाच वासराच्या कातड्यावर काढलेला. जेरुसलेम मधोमध आणि पूर्व दिशा वर, त्यामुळं आपला हिंदुस्थान वरच्या टोकाला शोधा. त्याला मात्र तिकीट आहे, आणि वेळा जायच्या आधी बघून घ्या. आधी किलपेक करा, दुपारच्या सुमाराला दक्षिणेच्या दारावर ऊन असतं, साप तेव्हा नीट दिसतात. शेजारीच जुन्या किल्ल्याची टेकडी आहे, तिथं तुम्ही चढा, आईला खालीच थांबवा, वाट निसरडी असते.