टेक्सासचं कोर्ट न्यू जर्सीच्या विक्रेत्याला बोलावू शकतं का?

झोपाळा_एडिसन

नमस्कार मंडळी. एडिसनला माझा लाकडी झोपाळ्यांचा छोटा धंदा आहे. पाट इथे करून घेते, पितळी कड्या-साखळ्या भारतातून मागवते. दिवाळीच्या आधी स्टॉल लावते, शिवाय वेबसाइटवरून विक्री होते. एका कुटुंबाने स्टॉलवरून झोपाळा घेतला आणि स्वतःच्या गाडीतून घरी नेला. पुढे ते डॅलसजवळ राहायला गेले, तेव्हा झोपाळाही सोबत गेला. तिथे वरची कडी तुटली, आजी पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऐकून फार वाईट वाटलं. कडी का तुटली हे मलाही कळायलाच हवं.

आता टेक्सासच्या जिल्हा कोर्टाचं समन्स आलंय. मी त्या राज्यात कधी पाऊलही ठेवलेलं नाही. वेबसाइटवरून थोडे झोपाळे मात्र तिकडे जातात. पुण्याचा भाऊ म्हणतो, ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येतेच. तसं असेल तर मला तिथेच लढावं लागेल का? आणि गेलेच नाही तर?

ह्यूस्टनकर

ताई, आधी तारीख बघा, कायदा मागाहून. टेक्सासच्या राज्य कोर्टात समन्स हाती पडल्यापासून 20 दिवस उलटले की त्यानंतरच्या सोमवारी सकाळी 10 पर्यंत उत्तर दाखल व्हावं लागतं. नाही झालं तर एकतर्फी निकाल लागू शकतो आणि तो घेऊन समोरचे न्यू जर्सीत वसुलीला येतात. त्यामुळे गप्प बसणं हा पर्यायच नाही.

दुसरं, उत्तरही कसंही द्यायचं नसतं. ‘या कोर्टाचा माझ्यावर अधिकार नाही’ हा अर्ज इथे नियम 120अ खाली, शपथेवर, बाकी कुठल्याही कैफियतीच्या आधी द्यावा लागतो. आधी साधं उत्तर टाकलं की हा मुद्दा कायमचा गेला. चांगल्या बाजूचे लोक या एका पायरीवर हरलेले मी पाहिलेत, म्हणून इतकं बजावून सांगतेय.

भाऊ म्हणतात ते भारताच्या 2019 च्या ग्राहक कायद्यापुरतं खरं आहे. इथे प्रश्न राज्यघटनेच्या 14 व्या दुरुस्तीचा येतो. विक्रेत्याने त्या राज्याशी स्वतःहून संबंध जोडला होता का, आणि दावा त्या संबंधाशी निगडित आहे का, हे कोर्ट बघतं. 1945 च्या इंटरनॅशनल शू खटल्यापासून हाच पाया आहे.

तुमच्या गोष्टीच्या सर्वांत जवळचा खटला 1980 चा, वर्ल्ड-वाइड फोक्सवॅगन. न्यूयॉर्कमध्ये ऑडी घेतलेलं कुटुंब ॲरिझोनाला राहायला निघालं. वाटेत ओक्लाहोमात मागून धडक बसली, गाडी पेटली, आई आणि मुलं भाजली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, गाडी तिथे ग्राहकाने नेली, डीलरने नाही. ओक्लाहोमाला त्या डीलरवर अधिकार नाही. तुमचा झोपाळाही ग्राहकानेच नेला.

पण 2021 चा फोर्डचा निकाल विसरू नका. माँटानात अपघात झालेली एक्सप्लोरर मुळात वॉशिंग्टन राज्यात विकलेली होती. तरी फोर्डला माँटानात उभं राहावं लागलं, कारण त्याच गाडीची बाजारपेठ फोर्डने तिथे पद्धतशीर उभी केली होती: जाहिराती, दुरुस्ती, 36 डीलर. मेन राज्यातल्या खेड्यात बसून शिकारीत आमिष म्हणून ठेवायचे लाकडी पक्षी कोरून इंटरनेटवर विकणाऱ्या निवृत्त माणसाचं काय, हाही प्रश्न त्या सुनावणीत निघाला. कोर्टाने तळटीपेत एवढंच म्हटलं की ते प्रकरण वेगळं आहे, आणि इंटरनेटवरच्या विक्रीचा प्रश्न मोकळा ठेवला. तुम्ही नेमक्या त्या मोकळ्या जागेत आहात.

म्हणून विचारते: टेक्सासमधल्या कुठल्या गोदामात तुमचा माल असतो का? त्याच वर्षी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने कनेटिकटच्या एका फोम विकणाऱ्या कंपनीला इथे खेचलं. तिचा माल डॅलसच्या गोदामात होता आणि विक्रीचा माणूस इथे होता.

मशीनशॉप_पासेइक

ताईंबद्दल सहानुभूती आहे, पण त्या आजींची बाजूही कुणीतरी मांडायला हवी. माझं आयुष्य प्रेस आणि शिअर या पत्रा दाबायच्या-कापायच्या मशीनवर गेलं. आमच्याच न्यू जर्सीत एका कामगाराची उजव्या हाताची चार बोटं धातू कापणाऱ्या इंग्लिश मशीनमध्ये गेली. कंपनीचा अमेरिकेतला वितरक ओहायोचा, मालकाने मशीन पाहिलं लास व्हेगासच्या प्रदर्शनात. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी ठरवलं की न्यू जर्सीत दावा चालणार नाही. सगळ्या अमेरिकेत विकायचं आणि कुठल्याच एका राज्याला बांधील नाही म्हणायचं, हे मला आजही पटत नाही. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांचं विरोधी मत जरूर वाचा.

झोपाळा_एडिसन

काका, तुमचं म्हणणं मनाला लागलं. मला त्यांचा हक्क बुडवायचा नाही, फक्त दीड हजार मैलांवर वकील लावून लढण्याची ऐपत नाही. गोदाम कुठेही नाही, सगळे झोपाळे गॅरेजमधून जातात. पण ह्यूस्टनच्या एका दिवाळी अंकात दरवर्षी जाहिरात देते. ते मोजतात का?

ह्यूस्टनकर

मोजतात, आणि शपथपत्रात ते जसंच्या तसं लिहा. लपवलं आणि समोरच्या वकिलाने अंक पुढे ठेवला तर अर्ज तिथेच संपेल. हाच झोपाळा वेबसाइटवरून मागवून टेक्सासला आला असता तर मी म्हटलं असतं, इथेच लढायची तयारी ठेवा. स्टॉलवरची विक्री असल्याने तुमची बाजू बरी आहे, पण जाहिरात आणि तिकडे पाठवलेला माल दाखवून ते फोर्डचा आधार घेतील. निकाल कुठेही झुकू शकतो.

मशीनशॉप काकांना सांगायचं तर, अर्ज मान्य झाला तरी आजींचा दावा मरत नाही. ताईंवर न्यू जर्सीत दावा आणता येतोच, कारण धंदा तिथलाच आहे. मात्र इजेच्या दाव्याची मुदत तिथेही साधारण दोनच वर्षं आहे, तेव्हा त्यांच्या वकिलानेही वेळ काढू नये.

धंद्याचा विमा असेल तर समन्स आजच त्यांना पाठवा. उत्पादनाच्या दायित्वाचं संरक्षण असलं तर वकील बहुधा तेच देतात. आणि तुटलेली कडी कुणी टाकून देऊ नये, एवढा निरोप वकिलामार्फत लगेच जाऊ दे.

झोपाळा_एडिसन

पॉलिसी काढून बघितली, दायित्वाचं कलम आहे. विमा कंपनीला आत्ताच मेल करते. कडी ज्या खेपेत आली तिच्या पावत्याही शोधून ठेवते.