क्लच सोडताना गाडी दर वेळी बंद पडते. मोटारसायकल शिकण्याची सुरुवात कुठून करावी?

कोरी पाटी
नमस्कार. माझे वय ३८ वर्षे असून लहानपणीच्या सायकलनंतर मी कोणतेही वाहन चालवलेले नाही. गेल्या आठवड्यात मोकळ्या मैदानावर प्रथमच मोटारसायकल हातात घेतली. क्लच सोडला की गाडी एक तर हिसका देऊन बंद पडते, नाहीतर एकदम पुढे झेपावते. आणि त्या धास्तीने मी उजवी मूठ (ॲक्सिलरेटर) घट्ट धरते, तेव्हा ती नकळत आणखी पिळली जाते. शिकवणारे नातेवाईक सांगतात की पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, गाडी उलटते. हे खरे आहे का? आधी बिनगिअरची स्कूटर शिकून मग मोटारसायकलकडे वळावे का, याविषयीही अनुभवी मंडळींनी सांगावे.

संथ चाल
ताई, आपली अडचण मुठीची नसून क्लचची आहे, आणि सुदैवाने तिच्यावर गाडी न पळवता काम करता येते. इंजिन फिरत असते आणि मागचे चाक थांबलेले असते. या दोघांना एकदम जोडले तर इंजिन दबून बंद पडते किंवा गाडी उसळते. क्लच म्हणजे त्यांना हळूहळू जोडण्याची सोय. दांडी सोडताना मध्येच एक जागा अशी येते की इंजिनाचा आवाज किंचित खाली उतरतो आणि गाडी पुढे सरकू पाहते. त्यालाच आपण हाफ क्लच म्हणतो. सपाट जागी दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, पहिल्या गिअरमध्ये, मूठ अजिबात न पिळता ती जागा शोधा. गाडी हातभर सरकली की क्लच पुन्हा दाबा. हे ४०-५० वेळा करा. कंटाळवाणे वाटेल, पण एवढा एकच सराव नीट झाला तर पुढची निम्मी भीती उरत नाही, असे मी अनेकांना शिकवताना पाहिले आहे. ही जागा प्रत्येक गाडीत थोडी वेगळी असते, म्हणून सुरुवातीला गाडी बदलू नका.

मूठ आपोआप पिळली जाते, कारण मनगट उंच राहते आणि गाडी झेपावली की शरीर मागे जाऊन हात ओढला जातो. मनगट मुठीच्या पातळीपेक्षा थोडे खाली ठेवा, गुडघ्यांनी टाकी धरा आणि हात सैल सोडा. काहीही बिघडले तरी पहिली कृती एकच: क्लच पूर्ण दाबणे. मूठ पिळलेली राहिली तरी इंजिन नुसते ओरडेल, चाकाला ताकद मिळणार नाही. हे मैदानावर मुद्दाम करून पाहा, म्हणजे हाताला त्याची खात्री पटेल.

दोन्ही ब्रेक
पुढच्या ब्रेकविषयीचा सल्ला मला धोकादायक वाटतो. ब्रेक लावताच भार पुढे सरकतो. पुढचे चाक रस्त्याला घट्ट चिकटते आणि मागचे हलके होते. त्यामुळे कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचे बहुतांश काम पुढचाच ब्रेक करतो, आणि एकटा मागचा ब्रेक जोरात दाबला तर मागचे चाक अडकून घसरू लागते. आपल्या नातेवाइकांची भीती निराधार मात्र नाही. हँडल वळलेले असताना, वाळूवर किंवा ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक झटक्यात ओढला की गाडी खरोखरच आडवी होते. म्हणून गाडी सरळ असताना, दोन बोटांनी, आधी हलके आणि मग वाढत्या दाबाने ब्रेक लावण्याचा सराव करा. ताशी २० किलोमीटरवरून सुरुवात करा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर सुमारे चौपट होते, हे तिथेच पावलांनी मोजून बघता येईल. अगदी सावकाश वळताना मात्र फक्त मागचा ब्रेक हलकेच वापरावा.

मागची वाट
वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. स्कूटरच्या प्रश्नावर माझे मत असे की आपल्याला सायकलचा तोल येतो, तेव्हा मधली पायरी नको. स्कूटरवर डाव्या हाताला ब्रेक असतो आणि मोटारसायकलवर तिथेच क्लच असतो. हाताला एकदा ती सवय लागली की ऐन वेळी माणूस ब्रेक समजून क्लच दाबतो आणि गाडी थांबतच नाही. वळताना नजर पुढच्या चाकावर न ठेवता, जिथे जायचे आहे तिथे ठेवा. खड्ड्याकडे पाहत राहिलात तर गाडी खड्ड्यातच जाते. आणि हेल्मेट मैदानावरही घाला, हनुवटीखालचा पट्टा लावून. पडणे बहुधा कमी वेगातच होते, पण डोके तेवढ्याच उंचीवरून आपटते.

कोरी पाटी
सर्वांचे मनापासून आभार. तीन संध्याकाळी केवळ हाफ क्लचचा सराव केला आणि काल सपाट जागेवर गाडी एकदाही बंद पडली नाही. आता चढावर थांबले की ती मागे घरंगळते आणि मी गडबडून क्लच सोडून देते.

संथ चाल
चढावर डावा पाय जमिनीवर आणि उजवा मागच्या ब्रेकवर ठेवा. ब्रेक दाबूनच मूठ थोडी पिळा आणि क्लच हाफ क्लचपर्यंत आणा. आवाज उतरला आणि गाडी पुढे ओढू लागली की मगच ब्रेक सोडा. आधी सौम्य चढ निवडा, आणि मागे कोणी उभे नाही ना, हे पाहून घ्या.