फ्रिजच्या दाराचं रबर बदलायचं आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातल्या गावी आईचा सिंगल डोअर फ्रिज आहे. बिजागरीकडचं खालच्या कोपऱ्यातलं रबर फाटलंय. दारात कागद धरून पाहिला, वर घट्ट अडकतो, खाली सहज निघून येतो. तिथून गरम हवा शिरते, फ्रीजरमध्ये बर्फाचा थर चढतो अन् कॉम्प्रेसर थांबतच नाही. आत आईचं इन्सुलिन असतं, ते २ ते ८ अंशांत राहायला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये इकडचा पारा तुम्हाला माहीतच आहे, म्हणून फार काळजी वाटते.

मिस्त्री म्हणतो, अख्खं दारच बदला. मला पटत नाही. दार सरळ आहे, रबरातली चुंबकपट्टीही बाकी ठिकाणी चांगली धरते.

रबर खाचेत दाबून बसवलेलं आहे, स्क्रू कुठे दिसत नाहीत. ओढून काढताना आतलं प्लास्टिक तडकेल का? माप खाचेपासून खाचेपर्यंत घ्यायचं की रबराच्या बाहेरच्या कडेचं? पार्सलमध्ये घडी पडून आलेलं रबर गरम पाण्यात ठेवून सरळ करतात, तर पाणी किती गरम चालतं?

वर्धा किंवा नागपुरात मापाप्रमाणे रबर कुठे मिळतं, हे कुणी स्वतः आणलं असेल तर नक्की सांगा जी.