पणजोबांनी १९०९ साली जमीन विकली, तरी सातबारा आमच्याच नावावर कसा?

शिवारकर:
नमस्कार मंडळी. गावचं माळवदाचं जुनं घर उतरवायला काढलंय (सोलापूर जिल्हा, करमाळा तालुका). आजीच्या ट्रंकेत तीन कागद निघाले. पहिले दोन मोडीत, तिसरा बाळबोध छापील नमुना, मधल्या जागा शाईने भरलेल्या. मोडीचं लिप्यंतर ओळखीच्या एका बाईंकडून करून घेतलंय.

पहिला कागद खरेदीखत. शके १८३१, सौम्यनाम संवत्सर, वैशाख महिना. जिरायत ६ एकर १२ गुंठे, आकार (सरकारी सारा) ४ रुपये ६ आणे, किंमत ३०० रुपये. चतुःसीमा आहेत, "जल तरु तृण काष्ठ पाषाण निधिनिक्षेपासह" आहे, साक्षी आहेत. खाली पणजोबांच्या नावापुढे नांगराची निशाणी.

दुसरा त्याच दिवशीची भाडेचिठ्ठी. तीच जमीन पणजोबांनी घेणाऱ्याकडून वर्षाला ३६ रुपयांवर कसायला घेतली.

तिसरा १९१२ चा, कोर्टाच्या बेलिफाने केलेली जप्त मालाची यादी. तांब्याचा हंडा १, वजन ९ शेर. पितळी घागरी २. परात १. घंगाळ १. समई जोड १. शिसवी पेटी १, "कुलूप नाही". म्हैस १, "डावे शिंग मोडके". कडबा पेंढ्या ४००. शेरा: लिलावात एकूण ४७ रुपये ९ आणे ६ पै वसूल.

घरातला हंडा विकायची पाळी आली, पण यादीत बैल नाहीत, नांगर, कुळव, पाभर काहीच नाही. आमचे चुलते म्हणतात, पणजोबांनी बैल रातोरात पाहुण्यांकडे धाडले होते. आणि जमीन १९०९ ला विकली, तर आज सातबाऱ्यावर आम्ही कसे? जमीन कसतोय पण आम्हीच, मध्ये कधी खंड पडल्याचं कुणाला आठवत नाही.

निवृत्त नाझर:
शिवारकर, कागद छान जपलेत, आधी त्यांचे फोटो काढून ठेवा. घड्यांवर चिकटपट्टी लावू नका, शाई उचलली जाते.

माझी नोकरी दिवाणी कोर्टात गेली, असल्या याद्या पुष्कळ पाहिल्या. उत्तराआधी दोन गोष्टी विचारतो. खरेदीखतात ३०० रुपये कसे पोचले, त्याचा तपशील भरण्यात असतो. रोख किती, जुन्या देण्यापोटी वळते किती? आणि तिसऱ्या कागदाच्या डोक्यावर हुकूमनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या निकालाची, रक्कम असेल, ती किती?

शिवारकर:
भरणा असा: "मागील खताचे फिटीबद्दल वळते रु. २४०, रजिस्ट्रारसाहेबांचे समक्ष रोख रु. ६०." तिसऱ्यावर "भाडेबाकी रु. ७२ व खर्च".

निवृत्त नाझर:
मग खरेदीखत बाजूला ठेवा आणि भाडेचिठ्ठी पुढ्यात घ्या. ३०० रुपयांवर वर्षाला ३६. म्हणजे दरमहा दरशेकडा एक रुपया. हे जमिनीचं भाडं नाही, कर्जाचं व्याज आहे. जमिनीचं भाडं ठरवताना माणूस पीकपाणी बघतो, काही वेळा अर्धेलीने घेतो, वाईट साली सूट मागतो. व्याजाला पावसाशी देणंघेणं नसतं. तीनशेला बरोब्बर छत्तीस बसतात, ते उगाच नाही.

पणजोबांच्या अंगावर २४० चं जुनं खत, म्हणजे कर्जरोखा, होतं. ६० आणखी लागले. सावकाराने ३०० चं खरेदीखत करून घेतलं, जमीन त्यांच्याच ताब्यात ठेवली आणि व्याजाला भाडं म्हटलं. तुमच्या पणजोबांनी जमीन विकली असं हे कागद पाहून मी तरी म्हणणार नाही. त्यांनी ती तारण ठेवली, कागद मात्र विक्रीचा झाला.

असं का, तर १८७५ साली सुप्याला आणि आसपास शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, आणि त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. पुणे, सातारा, नगर, सोलापूर या चार जिल्ह्यांना तो आधी लागू झाला. त्यात कोर्टाला जुना हिशेब उकरायचा अधिकार होता, जबर व्याज कापता येत होतं. शिवाय कलम २२ होतं: शेतकऱ्याची जमीन खास गहाण लिहून दिलेली नसेल, तर नुसत्या पैशाच्या हुकूमनाम्यात तिची जप्ती-विक्री नाही. साध्या खतावर पैसे देणाऱ्याला जमिनीला हात लावता येईना. गहाण घ्यावं, तर हिशेब उघडा पडतो. त्यावर तोडगा म्हणजे थेट खरेदीखत. पुढे त्याच कायद्यात १०-अ हे कलम घातलं गेलं आणि कागदावर खरेदी लिहिलेली असली तरी आतला व्यवहार काय होता, याचा तोंडी पुरावाही कोर्टाला घेता येऊ लागला.

आता तिसरा कागद. ७२ म्हणजे दोन वर्षांचे ३६. भाडं थकलं, सावकाराने दावा लावला, हुकूमनामा झाला, त्याच्या वसुलीची दरखास्त आली आणि बेलिफ दारात उभा राहिला. बैल पाहुण्यांकडे गेले असतील, पोचवणारे पोचवायचे, पण त्याची गरज नव्हती. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० बघा. शेतकऱ्याची औतं जप्त होत नाहीत. पोटापाण्यापुरती जनावरं आणि बियाणं कोर्टाने जरूर धरलं, तर तेही सुटतं. अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची जरुरीची भांडी सुटतात. कारागीर असेल तर त्याची हत्यारं. तुमची यादी त्याबरहुकूम आहे. तवा नाही, तपेली नाही, जातं नाही. नऊ शेरांचा हंडा बेलिफाच्या नजरेत चैनीचा ठरला. म्हैस औताची नाही म्हणून गेली.

यादी नीट लिहिणारा बेलिफ होता हो. "कुलूप नाही", "डावे शिंग मोडके" हे उगाच नाही लिहीत. उद्या कोणी म्हणालं पेटीला कुलूप होतं, ते कुठे गेलं, तर भरपाई त्याच्या पगारातून.

बोरीचा गडी:
नाझरसाहेब, मांडणी पटते, पण सगळे सावकार एकाच मापाने मोजू नयेत. दिलेली जमीन परत कसायला घेणं हे खऱ्या विक्रीतही होतं. पोरीचं लग्न निघालं, जमीन दिली, दुसरीकडे जायचं नाही म्हणून तीच खंडाने, म्हणजे ठरल्या भाड्याने, केली. ३०० ला साडेसत्तेचाळीस रुपये एकर पडतात, ते त्या शिवारात स्वस्त की रास्त, हे बघायला हवं. दुय्यम निबंधकाकडे इंडेक्स दोन मिळकतीवार असतो. त्यात शेजारच्या सर्व्हे नंबरांचे १९०७ ते १९११ चे दस्त काढा आणि भाव ताडून पाहा. एकरी शंभराची जमीन पन्नासात गेलेली दिसली, तर तुमचा सावकार सापडला.

निवृत्त नाझर:
बरोबर आहे, भाव ताडायलाच हवा. मात्र ३०० पैकी २४० जुन्या खताचे, ही एकच ओळ माझ्या दृष्टीने दहा शेजाऱ्यांच्या दस्तांइतकी आहे.

सुमनताई:
कायद्यातलं मला कळत नाही, हंड्याविषयी सांगते. माझ्या सासरी तांब्याचा एक मोठा हंडा आहे, काठाखाली नाव घातलेलं, आणि ते नाव आमच्यापैकी कुणाचंच नाही. आडनावही गावातलं नाही. सासूबाई एवढंच म्हणायच्या की, तो "बोलीत" घेतलाय. लग्नात त्यात पाणी भरायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. कारण कधी सांगितलं नाही.

तांब्या-पितळेचं भांडं तेव्हा घरातली ठेवच असायची. मोडीला, म्हणजे भंगारात, घातलं तरी वजनावर पैसे येत, म्हणून लिलावातही त्यालाच गिऱ्हाईक. तुमच्या यादीत हंड्याचं वजन लिहिलंय आणि पेटीचं नाही, ते त्यामुळेच. शिवारकर, जुन्या भांड्यांवर तुमच्या पणजोबांचं नाव असेल, तर करमाळ्याकडच्या मोडीवाल्यांना विचारून ठेवा. मिळेल असं नाही म्हणत.

शिवारकर:
सुमनताई, घरात एक गडवा आहे, पणजीचं नाव घातलेला. यादीत तो नाही.

नाझरसाहेब, सातबाऱ्याचं राहिलंच.

निवृत्त नाझर:
त्याला दोन वाटा संभवतात. पहिली अशी की पणजोबा किंवा आजोबा कोर्टात गेले, १०-अ खाली व्यवहार गहाणाचा ठरला आणि रक्कम हप्त्याने फेडून जमीन सोडवली. तसं असेल तर फेरफारात, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीत, हुकूमनाम्याचा नंबर येईल. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, तेव्हा त्या नोंदी तुम्हाला मिळायला हव्यात.

दुसरी वाट कूळकायद्याची. सावकाराचं नाव मालक म्हणून, तुमच्या घरचं नाव कूळ म्हणून चालत आलं असेल, तर १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाला कसणारा मालक मानला गेला. मग शेतजमीन न्यायाधिकरणापुढे त्या कायद्याच्या कलम ३२-ग ची चौकशी, किंमत ठरणं, हप्ते, आणि शेवटी ३२-म चं प्रमाणपत्र. फेरफारात हे आकडे स्पष्ट लिहिलेले असतात. खंड पडल्याचं कुणाला आठवत नाही म्हणता, म्हणून माझा कल याच वाटेकडे.

आजच्या सातबाऱ्यावर फेरफारांचे नंबर असतात, त्यातला सगळ्यात जुना धरून मागे जा. नंबर तुटला तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा, सर्व्हे नंबर जुना आणि गट नंबर नवा, दोन्ही लिहा. जमिनींच्या एकत्रीकरणात नंबर बदलले आहेत, नुसत्या गट नंबरावर कारकून तुम्हाला परत पाठवील.

शिवारकर:
सातबाऱ्यावरचा सर्वांत जुना फेरफार १९६१ चा आहे, आणि त्यात "३२ ग" दिसतंय. पुढची अक्षरं पुसट आहेत. सोमवारी नकलेचा अर्ज देतो, हाती आली की इथे टाकतो.