गेझेट्सलिश विम्यावर रक्तवाहिन्यांचा सर्जन: आधी चिठ्ठी, मग डॉक्टर

नमस्कार मंडळी,
जर्मनीत गेझेट्सलिश, म्हणजे सरकारी विमा असेल तर रक्तवाहिन्यांचा सर्जन शोधायचा कसा? फोन लावला की पहिला प्रश्न ‘गेझेट्सलिश की प्रिवाट (खाजगी)?’, आणि पुढची तारीख चार महिन्यांनी. पायाच्या शिरा फुगल्यात, संध्याकाळपर्यंत घोटा सुजतो. कुणी खात्रीचं नाव सुचवेल का?

*

ताई, नमस्कार.
नाव मिळूनही तारीख तीच मिळेल, कारण गाडी अडते ती चिठ्ठीवर. हाउसआर्झ्टकडून, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून यूबरवायझुंग, म्हणजे स्पेशालिस्टकडे पाठवणारी चिठ्ठी घ्याल तेव्हा काउंटरवरच सांगा, ‘मिट फेरमिट्लुंग्सकोड, बिटे’ (तारीख मिळवून देणाऱ्या कोडसह द्या). मग चिठ्ठीवर बारा अक्षर-अंकांचा कोड येतो. तो घेऊन ११६११७ या तारखा मिळवून देणाऱ्या सेवेला फोन करा किंवा त्यांच्या वेबसाइटवर कोड आणि पिनकोड टाका. त्यांनी आठवड्याभरात तारीख सुचवायची आणि ती पुढच्या चार आठवड्यांच्या आतली असायची, असा नियम आहे. डॉक्टर मात्र आवडीचा मिळत नाही. पलीकडच्या गावात जावं लागलं तर जायचं. तारीख जमणार नसेल तर रद्दही त्यांच्याकडेच करा, नुसतं गैरहजर राहू नका.

काउंटर सोडण्याआधी चिठ्ठीवर वरचा रकाना वाचा. तिथे नुसतं ‘शिरुर्गी’ (सर्जरी) असेल तर तुम्ही साध्या सर्जनकडे पोचता. तो पाय बघून नवी चिठ्ठी आणायला सांगतो आणि महिना फुकट जातो. ‘गेफेसशिरुर्गी’ (रक्तवाहिन्यांची सर्जरी) असंच लिहून घ्या. खाली निदानासोबत ‘सूज, त्वचेचा रंग बदललाय’ असं एखादं वाक्य असू द्या. कोड द्यायचा की नाही हे डॉक्टर वैद्यकीय निकडीवर ठरवतात. नुसत्या दिसणाऱ्या शिरांना तो सहसा मिळत नाही. सूज, त्वचा काळवंडणं किंवा घोट्याजवळची जखम असेल तर मागायला हरकत नाही.

*

त्यात थोडी भर घालतो. हाउसआर्झ्टने स्वतः फोन करून तारीख घेतली तर स्पेशालिस्टला जादा मोबदला मिळतो, आणि तारीख जितकी लवकरची तितका जास्त. म्हणून ‘तुम्हीच फोन कराल का?’ हे विचारायला लाजू नका. दोन मिनिटांचा फोन असतो, पण सोमवारी सकाळी विचारू नका. तेव्हा प्राक्सिसमध्ये, म्हणजे दवाखान्यात तुडुंब गर्दी असते.

दुसरं असं की शोध फक्त सर्जनपुरता ठेवू नका. फुगलेल्या शिरांसाठी फ्लेबोलॉगीची (शिरांच्या आजारांची) जादा पात्रता असलेला डॉक्टर पुरतो, आणि तो पुष्कळदा त्वचारोगतज्ज्ञ असतो. चालताना पोटरी धरते आणि थांबलं की सुटते, अशी तक्रार असेल तर ती धमनीची. तिथे आधी आंगिओलॉग, म्हणजे शस्त्रक्रिया न करणारा रक्तवाहिन्यांचा डॉक्टर चालतो. घोटा आणि दंड इथला रक्तदाब मोजून गुणोत्तर काढतात आणि डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करतात. सर्जन त्यानंतरची पायरी.

दवाखान्याची पाटीही वाचा. ‘आले कासेन’ (सगळ्या कासे, म्हणजे सरकारी विमा कंपन्या) म्हणजे तुमचं विम्याचं कार्ड चालतं. ‘प्रिवाट उंड जेल्ब्स्टत्साहलर’ म्हणजे पैसे खिशातून. ‘आत्ता भरू, मग कासेकडून मागू’ हा बेत करू नका. अगोदर लेखी मंजुरी नसेल तर कासे नकार देते.

*

हॉस्पिटलच्या ओपीडीबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि लोक सगळ्यात जास्त तिथूनच परत येतात. तिथल्या कित्येक डॉक्टरांना गेझेट्सलिश पेशंट बघण्याची परवानगी असते, पण अट असते: चिठ्ठी स्पेशालिस्टची हवी. हाउसआर्झ्टची चिठ्ठी नेली तर दारातूनच माघारी. फोनवर आधी विचारा, ‘यूबरवायझुंग फोम फाखआर्झ्ट नोटिग?’ (स्पेशालिस्टची चिठ्ठी लागते का?) आइनवायझुंग ही वेगळी चिठ्ठी, भरती करण्यासाठीची. तिच्यावर हॉस्पिटल भरतीआधीची तपासणीही करू शकतं: ५ दिवसांत जास्तीत जास्त ३ वेळा. एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

पैशांचं म्हणाल तर तक्रार असताना केलेला डॉपलर कार्डावर होतो. शीर काढण्याची जुनी शस्त्रक्रियाही कार्डावर. लेझर आणि रेडिओफ्रीक्वेन्सी (शीर आतून उष्णतेने बंद करणं) मात्र सहसा त्या डॉक्टरचा तुमच्या कासेशी वेगळा करार असेल तरच. म्हणून तारीख पक्की करण्याआधी कासेला विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा केवळ दिसण्यासाठी घालवायच्या असतील तर खर्च आपला. खाजगी सेवेचा कागद पुढे आला तर सही करण्याआधी वाचा. सहीशिवाय ते बिल लावू शकत नाहीत. दाबाचे मोजे प्रिस्क्रिप्शनवर मिळतात, आपण ५ ते १० युरो भरायचे. माप मात्र सकाळी, सूज चढण्याआधी द्या. संध्याकाळी घेतलेलं माप दुसऱ्या दिवशी ढिलं होतं.

६५ पूर्ण झालेल्या काकांसाठी एक सांगून ठेवते. पोटातल्या महाधमनीचा फुगवटा बघणारी सोनोग्राफी २०१८ पासून आयुष्यात एकदा कार्डावर होते. ती हाउसआर्झ्टकडेच मागा. भारतातून आलेले आईवडील मात्र आपल्या कौटुंबिक विम्यात बसत नाहीत. त्यांची प्रवास विमा पॉलिसी काढून अटी बघा.

*

एक राहिलं. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखत असेल तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दवाखान्याची वेळ टळली असेल तर ११६११७ वर ड्युटीवरचे डॉक्टर मिळतात. सोबत श्वास लागला किंवा छातीत दुखलं तर ११२, म्हणजे ॲम्ब्युलन्स. पाय एकाएकी पांढराफटक, गार, बधिर झाला तर तोही ११२. तिथे चिठ्ठी, कोड, कासे काही बघू नका. धमनी बंद झाली असेल तर पाय वाचवायला हातात काही तासच असतात.

*

धन्यवाद सगळ्यांना. चिठ्ठी पुन्हा बघितली, तिच्यावर नुसतं ‘शिरुर्गी’ आहे आणि कोडही नाही. उद्या बदलून घेते.