हुमणीच्या (पिकाची मुळं खाणाऱ्या अळीच्या) भुंग्याचा गंध शोधतात कसा?

वळवानंतर कडुलिंबावर भुंगे जमतात, मादीच्या वासाने नर येतात म्हणे. पण एवढ्या वासांतून नेमकं केमिकल कसं ओळखतात?

– नराची मिशीच (वास घेणारी शृंगिका) वापरतात! मादीच्या गंधग्रंथीचा अर्क गॅस क्रोमॅटोग्राफमधून (मिश्रणातले घटक वेगळे करणारं यंत्र) सोडला की घटक एकेक करून बाहेर पडतात, अर्धा प्रवाह मशीनच्या डिटेक्टरकडे आणि अर्धा इलेक्ट्रोडवर लावलेल्या मिशीवर, मिशीतून विजेचा बारीकसा संकेत आला की तोच घटक धरायचा, मग मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूच्या तुकड्यांच्या वजनावरून पदार्थ ओळखणारं यंत्र) ओळख पटवायची. तरी शेतात सापळा लावून नर आले तरच खरं.

– राजस्थान-गुजरातकडच्या होलोट्रिकिया कॉन्सँग्विनिया या हुमणीच्या जातीत ॲनिसोल निघाला, बडीशेपेसारखा वास. पण चीनमधल्या होलोट्रिकिया पॅरालेला या जातीत वेगळंच, आयसोल्युसिन या अमिनो आम्लाचा मिथाइल एस्टर. म्हणून ल्युअर (सापळ्यात ठेवायचं गंधाचं आमिष) घेण्याआधी आपल्या भुंग्याची जात तपासा राव.