एस्टीम १.३, टर्बो नको, १५० पीएस हवेत, खिशात दीड लाख

सांगलीचा_एस्टीमवाला
नमस्कार मंडळी. मामांकडून आलेली २००४ ची एस्टीम आहे. १६ व्हॉल्व्ह, एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल देणारी), कागदावर ८५ पीएस (हॉर्सपॉवर). ऑटोक्रॉसला (वळणावळणाच्या ट्रॅकवरची, घड्याळ लावून होणारी शर्यत) उतरवायची आहे, रस्त्यावर चालवणार नाही. टर्बो नको. पाय दाबला की तिथल्या तिथे उत्तर देणारं इंजिन मला आवडतं. मनात १५० चा आकडा आहे. ठरवलंय ते असं: ओव्हरसाइज पिस्टन, कोन फिल्टर, फ्री-फ्लो सायलेन्सर, आणि हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) फेस मारून, म्हणजे खालून घासून, कम्प्रेशन (आतली हवा किती पट दाबली जाते ते) वाढवायचं. एवढ्यात होईल का? गॅरेजवाले "करून देतो" म्हणतात, पण कसं ते कुणी सांगत नाही.

गतिमान_पुणेकर
जुन्या बलेनोचं १.६ टाक आणि मोकळा हो. त्याच खानदानातलं इंजिन आहे, काही न करता ९४ पीएस आणि खालचा टॉर्क, म्हणजे इंजिन हळू फिरतानाचा जोर, भरपूर. स्क्रॅपमध्ये शोधलं तर मिळतं.

उद्यमनगरचा_फिटर
पुणेकर, तुमच्या मुद्द्यावर येतो. आधी त्या १५० चं बघू.

भावा, १२९८ सीसीतून १५० म्हणजे लिटरला साधारण ११६ पीएस. होंडानं १९९७ साली सिव्हिक टाइप आर काढली, तिच्या १.६ इंजिनात १८५ पीएस होते. लिटरला ११६. त्यात दोन कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) होते, व्हीटेक (आरपीएमप्रमाणे व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी यंत्रणा) होतं, ८२०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) ताकद होती आणि पाठीमागे अख्खी होंडा होती. तुझ्याकडे एक कॅम आणि दीड लाख आहेत.

आता हिशेब. टॉर्क (न्यूटन मीटरमध्ये) गुणिले आरपीएम भागिले ७०२४ केलं की पीएस येतात. पहिल्या १.३ पेट्रोल स्विफ्टमध्ये तुझ्याच घराण्याचं इंजिन होतं: ४५०० आरपीएमला ११३ न्यूटन मीटर आणि ६००० ला ८७ पीएस. उलटा हिशेब केलास तर ६००० ला टॉर्क १०२ वर आलेला दिसेल. म्हणजे इंजिनाचा दम वर जाताना कोंडतो. हवा आत जायला वेळ पुरत नाही. टर्बो नसलेल्या इंजिनात सगळं काम हेच, की तो टॉर्क वरपर्यंत टिकवून धरायचा. ७००० ला १०८ धरलास तर १०७-१०८ पीएस झाले. १०५ ते ११५ हा तुझ्या बजेटचा खरा पल्ला.

पिस्टनवर पैसे घालू नको. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ७५.५ मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज टाकलास तर १३१६ सीसी होतात, १८ सीसीची कमाई. सिलिंडर झिजलेला असेल तरच रिबोअर कर, ताकदीसाठी नको.

हेड फेसिंगचंही ऐक. एका सिलिंडरचे साधारण ३२५ सीसी. समजा कम्प्रेशन ९ ला १ आहे, तर वरची जागा ४०.६ सीसी. साडेदहा हवं असेल तर ती ३४.२ व्हायला पाहिजे, म्हणजे ६.४ सीसी कमी. एक दशांश मिलिमीटर उतरवल्यावर फार तर ०.४ सीसी कमी होतात. मग दीड मिलिमीटरहून जास्त मारणार? तेवढं मारलंस तर हेड पातळ, व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ, आणि बेल्टच्या हिशेबात कॅम मागे पडतो, ती अडचण वेगळीच. अर्धा मिलिमीटर मार, कॅमला अ‍ॅडजस्टेबल पुली लाव, बस. पण मारायच्या आधी चेंबर (हेडमधली जळणाची खोलगट जागा) मोज. अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्याला भोक पाड, ग्रीस लावून हेडवर बसव आणि औषधाच्या सिरिंजने रंगीत पाणी भर. चारही चेंबर सारखे भरले नाहीत तर पहिलं काम ते.

खरा माल हेडच्या सीटमध्ये (व्हॉल्व्ह मिटताना टेकतो ती कड) आहे. तीन कोनांची सीट कटिंग चांगल्या हाताकडून करून घे. सीटच्या लगेच खाली धार आणि पायरी असते, ती गुळगुळीत वळणात आण. पोर्ट (हेडमधल्या हवेच्या वाटा) मात्र मोठे करत सुटू नको आणि आत आरशासारखं पॉलिश तर मुळीच नको. आमच्याकडे दोनदा असं चकाकलेलं हेड आलंय. बघणाऱ्याला छान वाटायचं, गाडी मात्र खालच्या आरपीएमला मेल्यासारखी. बारीक नळीतून फुंकर जोरात बसते आणि बादलीत फुंकली तर काहीच होत नाही, तसंच पोर्टचं आहे.

मग कॅम. नवा आणायला जाऊ नको, आहे तोच रीग्राइंड कर, म्हणजे घासून नवा आकार दे. बेस सर्कल (कॅमचा गोल भाग) लहान होतं, लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) वाढते, टॅपेटच्या स्क्रूने फट जुळवता येते. पण बसवल्यावर पिस्टनवर लहान पोरांची क्ले ठेव, हाताने दोन फेरे फिरव आणि क्ले कापून जाडी मोज. इनटेकला दीड, एक्झॉस्टला दोन मिलिमीटर तरी राहिलेच पाहिजेत. स्प्रिंगही तपास, ७००० ला व्हॉल्व्ह वेळेवर मिटला नाही तर वरचं सगळं फुकट.

रॉडचे बोल्ट नवेच घाल. आरपीएम ६५०० चे ८००० केले की रॉडवरचा ताण दीडपट होतो, कारण तो आरपीएमच्या वर्गाने वाढतो. म्हणून ७००-८०० रुपडे वाचवायला जुने बोल्ट परत घट्ट करणाऱ्याच्या दुकानात पाऊल टाकू नको. ऑटोक्रॉसला संपमध्ये (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) बॅफलही (तेल अडवणारा पत्रा) हवा. वळणावर तेल बाजूला गेलं की पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातं.

आता बलेनो. सीसी वाढवणं हाच सगळ्यात स्वस्त पीएस, पुणेकर बरोबर आहेत. पण तिच्या इंजिनाचा स्ट्रोक ९० मिलिमीटर आहे. ७००० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २१ मीटर होतो, तुझ्या इंजिनाचा १७.६. स्टॉक पार्टवर वीसच्या वर मी जात नाही. तेव्हा बलेनो टाकशील तर ६५०० च्या आत ठेव, खालच्या टॉर्कवर खेळ. आणि ऑटोक्रॉसला वर्ग सीसीवर पडतात. १.६ घेऊन वरच्या वर्गात गेलास तर तिथे तुझं काय? नियमावली वाचून मगच ठरव.

नाशिकची_मॅपवाली
फिटर काकांचं इंजिनापुरतं सगळं पटलं. पण कॅम बदलल्यावर मूळ ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) काय करणार? पेट्रोल आणि स्पार्क जुन्याच हिशेबानं देणार. बजेटचा मोठा तुकडा इथे बाजूला ठेव. स्पीडुइनो हा ओपन सोर्स ईसीयू आहे, सोल्डरिंग येत असेल तर परवडतो. सोबत वाइडबँड लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर) घे, त्याशिवाय मॅपिंग (ईसीयूत पेट्रोल आणि स्पार्क जुळवणं) म्हणजे अंदाजपंचे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं. त्याला जास्त इंधन लागतं, म्हणून इंजेक्टर पुरतात का ते बघ. २००४ चे रबरी होज तर बदलच.

आणखी एक, रस्त्यावर काढायची नाही म्हणालास ते पाळ. इंजिन बदल आरसीवर चढवल्याशिवाय चालत नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही कंपनीच्या मूळ रचनेबाहेरचे बदल चालणार नाहीत असं सांगितलंय. ट्रॅकवर ट्रेलरवरून ने.

सांगलीचा_एस्टीमवाला
फिटर काका, डोळे उघडले राव. मग हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच) करू की नको? आणि सुरुवात कुठून करू?

उद्यमनगरचा_फिटर
हेडर कर, पण कॅम ठरल्यावर. नळ्यांची लांबी त्यावरच ठरते. फिल्टर आणि सायलेन्सर सगळ्यात शेवटी, त्यात आवाज जास्त आणि पीएस कमी.

त्याआधी मागची सीट, कार्पेट, साउंड डेडनिंग काढ आणि वजन कर. ते फुकट आहे. मग कम्प्रेशन टेस्ट आणि लीक-डाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती बघणं). गरम इंजिन, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडं. चारही सिलिंडरचे आकडे इथे टाक. एखाद्यात दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर पोर्टिंग-बिर्टिंग सगळं थांबेल आणि आधी रिंगांचं बघावं लागेल.